भिंतीतला दीड फूट पाईप

सासूबाईंच्या उजव्या हाताचा अंगठा आणि मनगट संधिवातानं धरलंय. गेल्या दिवाळीपासून त्यांना स्वयंपाकघरातला नळ नीट बंद करता येईना. नळ जुना, पितळी, डोक्यावर चार पाकळ्यांची चकती असलेला. तो बंद करायचा म्हणजे तीन-चार फेरे फिरवून शेवटी जोर लावून आवळायचा, तेव्हा कुठे आतलं रबरी वायसर खाली दाबून बसतं. जोर कमी पडला की धार थांबते, थेंब थांबत नाही. रात्री सिंकमध्ये टपटप ऐकू आली की त्या उठायच्या आणि हाताला पदर गुंडाळून पुन्हा चकती आवळायच्या. एकदा पहाटे मी पाणी प्यायला उठले, तर त्या दोन्ही हातांनी नळ धरून उभ्या. ‘‘झालंच बघ, तू झोप,’’ म्हणाल्या. मला काही नंतर झोप लागली नाही. हा नळ बदलायचा, आणि पुढचा नळ त्यांच्या हाताकडे बघून घ्यायचा, हे तेव्हाच ठरलं.

आमचं घर सांगलीच्या गावभागात. भिंती विटा-मातीच्या, चांगल्या दीड फूट जाडीच्या. सासऱ्यांनी १९८४ साली घरात जीआयचे, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचे, पाईप टाकून घेतले. त्याआधी परसातल्या आडाचं पाणी शेंदायला लागायचं. गच्चीवरच्या टाकीतून एक पाईप मागच्या भिंतीवरून उघडाच खाली येतो. स्वयंपाकघराच्या उंचीवर त्याला टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, आहे, आणि त्या टीमधून एक आडवा पाईप भिंतीच्या आरपार जाऊन आत सिंकवर निघतो. त्याच्या तोंडाशी सॉकेट, म्हणजे आतून आटे असलेला जोड, आणि सॉकेटात नळ. घरात राहून इतकी वर्षं झाली, तरी ही मांडणी मी नीट पाहिली ती या नळाच्या निमित्तानं. सुरुवातीलाच पाहिली असती तर पहिले दहा दिवस वाया गेले नसते.

ते दहा दिवस असे गेले. मुलगा पुण्याला असतो. त्याला फोनवर सांगितलं, तर त्यानं त्याच रात्री आजीसाठी म्हणून एक छान नळ मागवला. एका दांडीचा मिक्सर. दांडी उचलली की पाणी सुरू, डावीकडे वळवली की गरम, उजवीकडे गार. दिसायला सुरेख. खोका उघडला तेव्हा खालून जाळीचे दोन लवचीक पाईप लोंबत होते. हा नळ भिंतीतला नव्हेच. तो सिंकवर किंवा ओट्यावर उभा राहतो, त्यासाठी ३५ मिलिमीटरचं भोक लागतं, आणि खालून गरम-गार असे दोन पाईप यावे लागतात. आमच्याकडे भोक नसलेलं सिंक, कडप्प्याचा ओटा आणि भिंतीतून येणारा एकच गार पाण्याचा पाईप. कडप्प्याला भोक पाडताही आलं असतं, पण खोक्यातल्या पत्रकात आणखी एक गोष्ट लिहिली होती: पाण्याचा दाब किमान एक बार हवा.

एक बार म्हणजे किती, ते मुलानं समजावलं. पाण्याची साधारण दहा मीटर उंची म्हणजे एक बार. टाकीचा तळ नळापासून दहा मीटर वर असेल तर तेवढा दाब मिळतो. मी गच्चीवरून दोरी सोडून मोजलं. टाकीच्या तळापासून आमच्या नळापर्यंत १४ फूट भरले, म्हणजे सव्वाचार मीटर. दाब निम्म्याहूनही कमी. पंपाशिवाय चालणाऱ्या घरातल्या नळाला एवढाच दाब असतो आणि साध्या नळाला तो पुरतो. पण त्या मिक्सरच्या आतल्या बारीक वाटांमधून एवढ्या दाबानं धार नीट आली नसती. नळ परत पाठवला. मुलाला वाईट वाटलं. मी त्याला म्हटलं, तुझा नळ चांगलाच आहे, आपलं घर त्याच्या मापाचं नाही.

मग जुना नळ कोणत्या मापाचा आहे ते बघायचं ठरवलं. दुकानात सगळे ‘अर्धा इंची’ म्हणतात. मी फूटपट्टीनं नळाच्या मागे दिसणाऱ्या आट्यांची, म्हणजे स्क्रूसारख्या वेढ्यांची, रुंदी मोजली तर जवळजवळ २१ मिलिमीटर भरली. अर्धा इंच म्हणजे तर साडेबारा-तेरा मिलिमीटर! माझ्याकडे पाऊण इंची पाईप आहे असं धरून मी गणपती पेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदारांनी हसून नाही, अगदी शांतपणे सांगितलं, ‘‘वहिनी, अर्धा इंच हे पाईपाचं नाव. ते मूळचं आतल्या पोकळीवरून पडलंय. बाहेरून आटे एकवीसच्या आसपासच भरणार. तुमचा अर्धा इंचीच आहे.’’ त्यांनी एक नवा निपल, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेला छोटा पाईप, मोजून दाखवला. अर्ध्या इंची आट्यांत एका इंचात १४ वेढे बसतात. हा हिशोब सगळीकडे एकच, म्हणून १९८४ च्या पाईपावर आजचा नळ चढतो. चाळीस वर्षांनीही आटे जुळतात याचा मला खरोखर आनंद झाला.

त्यांनी विचारलेल्या तीन प्रश्नांची उत्तरं मात्र मी घरून घेऊन जायला हवी होती. नळ भिंतीतला की ओट्यावरचा? भिंतीतून येणारे आटे आतले की बाहेरचे? आणि सॉकेटचं तोंड टाइल्सच्या किती आत आहे? तिसऱ्या प्रश्नावर मी अडले. परत आले, बॅटरी घेऊन नळाभोवतीची, टाइल्सचं भोक झाकणारी चकती सरकवून पाहिलं. सॉकेट टाइल्सच्या पाऊण इंच आत होतं आणि मध्ये एक जोडतुकडा, एक्स्टेन्शन, लावलेला होता.

तो तुकडा कुठून आला ते सासूबाईंनीच सांगितलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं, आयर्विन पुलापाशी पातळी ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी तिथे ४५ फूट धरतात. आमच्या स्वयंपाकघरात ओटा पूर्ण बुडाला होता, नळसुद्धा. पाणी उतरल्यावर भिंतीचा गिलावा फुगून आला, म्हणून ओट्यामागे नव्यानं गिलावा करून टाइल्स लावल्या. भिंत पुढे आली, पाईप होता तिथेच राहिला. तेव्हाच्या कारागिरानं एक्स्टेन्शन लावून नळ पुन्हा बाहेर काढला. दोन वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, पुन्हा पाणी आलं, पण ते ओट्याच्या खालीच राहिलं. म्हणजे मधल्या काळात भिंतीच्या आत एक सांधा वाढला होता, आणि आमच्यापैकी कुणाच्या ते लक्षात नव्हतं.

नळ मात्र मनासारखा मिळाला. भिंतीतला सिंक नळ, उंच वळलेला फिरता गळा, पाव फेऱ्यात उघडणारा. याच्या आत रबरी वायसर नसतं, एकावर एक बसलेल्या दोन सिरॅमिकच्या चकत्या असतात. त्यांची भोकं समोरासमोर आली की पाणी सुरू, दांडी पाव फेरा फिरली की बंद. आवळावं लागतच नाही. दुकानदारांनी दवाखान्यात असतो तसा, कोपरानं ढकलायचा फार लांब दांडीचा नळही दाखवला. सासूबाईंना तो आणखी सोपा झाला असता, पण आमच्या भांड्यांच्या मांडणीला दांडी आपटली असती. मधल्या लांबीची दांडी घेतली. दुकानातच उपड्या हातानं, बोटं न वळवता, ती ढकलून पाहिली. सहज फिरली.

रविवारी सकाळी काम काढलं. नळ काढायच्या आधी पाणी बंद करायला हवं, म्हणून मी आणि हे गच्चीवर गेलो. टाकीखालचं गेट वॉल, म्हणजे चाक फिरवून आतल्या पडद्यानं पाणी अडवणारा वॉल्व्ह, ह्यांनी फिरवलं. फिरलं, फिरतच राहिलं. आतली दांडी तुटून पडद्यापासून सुटली होती. चाक फिरतंय, पडदा जागचा हलत नाही. खाली नळ पूर्वीसारखाच वाहत होता. घरातलं पाणी बंद करायची एकमेव सोय कधीपासून बंद पडली होती कोण जाणे. वर्षानुवर्षं हात न लावलेल्या गेट वॉलचं असं होतं, हे पुढे मिस्त्रींकडून कळलं. वर्षातून दोनदा तरी ते बंद-चालू करून पाहायला हवं.

आता टाकी रिकामी करण्यावाचून इलाज नव्हता. हजार लिटर पाणी गटारात सोडून द्यायला कुणाचाच जीव होईना. हंडे, कळश्या, पिंप भरून ठेवलं, मग सासूबाई म्हणाल्या, ‘‘गोधड्या काढा.’’ तीन गोधड्या, दोन सतरंज्या, घरातले सगळे पडदे धुऊन झाले, अंगण धुतलं, झाडांना पाणी झालं. दुपारी दोनला टाकी कोरडी पडली.

नळाला पाना लावला. क्रोम खरवडू नये म्हणून नव्या नळाला फडकं गुंडाळतात, हा जुना होता म्हणून सरळच लावला. पहिल्या झटक्यात हलला नाही. दुसऱ्या झटक्यात कर्रकन आवाज होऊन नळ सटकन अर्धा फेरा फिरला. मला वाटलं, सुटला. पण नळाबरोबर त्याच्या मागचा एक्स्टेन्शनचा तुकडाही फिरलेला दिसला, आणि टाइल्सच्या भोकातलं सिमेंट गोल कडं पडल्यासारखं चिरलं होतं. मी मागे परसात धावले. बाहेरच्या टीमधून गंजाचं लाल पाणी ओघळत होतं.

काय झालं ते तिथे उभं राहून कळलं. मी नळ फिरवला असं मला वाटलं, फिरला होता भिंतीतला आख्खा पाईप. नळ ज्या बाजूनं सुटतो त्याच बाजूनं मागचा पाईपही टीमधून सुटतो. आणि सगळ्या सांध्यांत जो कमकुवत तोच आधी सुटतो, आपल्याला हवा तो सुटत नाही. इथे दोन पाने लागतात. एकानं मागचं सॉकेट पक्कं धरायचं, दुसऱ्यानं नळ फिरवायचा. आमच्याकडे पाना एकच होता, आणि दुसरा असता तरी पाऊण इंच आत गेलेल्या सॉकेटला पकडायला जागाच नव्हती. मी काम थांबवलं. त्या रात्री पिंपातल्या पाण्यावर स्वयंपाक झाला.

सोमवारी सकाळी मिस्त्री आले. साठीकडे झुकलेले, पुरानंतर गावभागातल्या पुष्कळ घरांचे नळ त्यांनी उभे केलेत. त्यांनी आधी काहीच उघडलं नाही. पान्याच्या दांडीनं बाहेरच्या पाईपावर वरपासून खालपर्यंत टकटक केलं, टीपाशी थांबून पुन्हा टकटक केलं. मग म्हणाले, ‘‘वैनी, नळाचं काय न्हाई. ह्यो भिंतीतला पाईप ग्येलाय.’’

मी विचारलं, वरून तर पाईप चांगला दिसतो, गेला कशावरून? त्यांनी सांगितलेलं मला फार उपयोगी वाटलं. जीआयच्या पाईपावर जस्ताचा थर असतो म्हणून तो लवकर गंजत नाही. पण जोडण्यासाठी टोकाला आटे पाडताना डायनं तो थर कापलाच जातो. तिथे उघडं लोखंड राहतं, शिवाय आट्यांच्या खाचांमुळे पाईपाची जाडीही तिथेच सर्वांत कमी. म्हणून पाईप मध्ये धड आणि टोकांना गेलेला, असं सर्रास दिसतं. त्यात आमच्या भिंतीत पुराचा गाळ शिरून बसलेला. मातीची भिंत वरून वाळली तरी आतून महिनोन्‌महिने ओल धरून राहते, आणि पाईप त्या ओलीत.

‘‘मग भिंत फोडायची?’’ मी विचारलं. टाइल्स फुटणार म्हणून सासूबाई दारातून बघत होत्या. मिस्त्री म्हणाले, ‘‘फोडायची कशाला? फिरलाय न्हवं त्यो? मग फिरवून भाईरच काढू.’’

हे मला कधीच सुचलं नसतं. काल ज्या फिरण्यानं माझं काम बिघडलं, त्याच फिरण्याचा त्यांनी उपयोग करून घेतला. आतून टाइल्सच्या भोकाभोवतीचं सिमेंट छिन्नीनं हळूहळू मोकळं केलं, बाहेरून टीपाशी भिंतीतली माती कोरली. मग एक्स्टेन्शनला पाना लावून पाईप सावकाश उलटा फिरवू लागले, आणि बाहेर ह्यांनी दुसऱ्या पान्यानं टी धरून ठेवला, म्हणजे उभ्या पाईपाला पीळ बसणार नाही. दोन फेरे झाले. तिसऱ्याला हलका आवाज आला आणि दीड फुटाचा पाईप त्यांच्या हातात आला. टोक मात्र आटे पडलेल्या जागी मोडून टीमध्येच राहिलं.

त्या टोकानं तास घेतला. लोखंड कापायच्या करवतीचं नुसतं पातं काढून, एका बाजूला फडकं गुंडाळून, मिस्त्रींनी टीच्या तोंडात घातलं आणि अडकलेल्या कड्याला आतून दोन खाचा पाडल्या. खाच कड्याच्या जाडीइतकीच खोल जायला हवी. जरा जास्त गेली की टीचे आटे कापले जाणार आणि टी बदलायचा म्हणजे उभा पाईपच कापायचा. चार-सहा वेळा पातं चालवायचे, बॅटरीनं आत बघायचे, पुन्हा चालवायचे. मग बारीक छिन्नीनं दोन खाचांमधला तुकडा आतल्या बाजूला वाकवला. कडं सैल झालं आणि बोटानं बाहेर आलं. टीचे आटे शाबूत होते. एक नवा निपल तेल लावून दोनदा आत-बाहेर फिरवला, आटे साफ झाले. असं काम करणारा माणूस शेजारी असणं ही मोठी गोष्ट आहे. मी त्यांना तसं बोलूनही दाखवलं.

काढलेला पाईप त्यांनी मध्ये कापून दाखवला. आतून गंजाचे थर चढत चढत वाट इतकी अरुंद झाली होती की माझी करंगळी टोकापुरतीसुद्धा जाईना. गेली काही वर्षं धार बारीक झाली म्हणून आम्ही टाकीला दोष देत होतो, पाण्याला देत होतो. नुसता नळ बदलून काम संपवलं असतं तर नव्या नळालाही तीच बारीक धार आली असती.

नवा पाईप किती लांबीचा आणायचा, ते माप मीच घेतलं. भिंतीतल्या भोकातून पट्टी घालून टीच्या तोंडापासून आतपर्यंत. १८ इंच, मी सांगितलं. मिस्त्रींनी पट्टी पुन्हा घातली आणि विचारलं, ‘‘आतपर्यंत म्हंजी कुठंपतोर?’’ मी गिलाव्यापर्यंत मोजलं होतं, टाइल्स धरल्याच नव्हत्या. टाइल्सच्या पृष्ठभागापर्यंत पावणेएकोणीस भरले. पुरानंतर घुसलेलं तेच पाऊण इंच. यात टीच्या आत जाणारे आटे, अर्धा इंच, मिळवायचे आणि पुढच्या टोकावर चढणाऱ्या सॉकेटचा जेवढा भाग पाईपाच्या पुढे राहतो तेवढा वजा करायचा, म्हणजे सॉकेटचं तोंड बरोबर टाइल्सशी येतं. एक्स्टेन्शनची गरजच उरत नाही. भिंतीत लपणारा एक सांधा कमी झाला, याचं समाधान मला नव्या नळाइतकंच आहे.

प्लास्टिकचा, म्हणजे सीपीव्हीसीचा पाईप का नको, हेही मी विचारलं. त्यांचं म्हणणं पटलं. नळ थेट भिंतीतल्या पाईपावर लटकतो आणि फिरत्या गळ्यामुळे त्याला रोज हिसके बसतात. इथे लोखंड ताठ राहतं. शिवाय मागची भिंत पश्चिमेची, तिथे उन्हात सीपीव्हीसी उघडा ठेवला तर काही वर्षांत ठिसूळ होतो, त्याला रंग तरी द्यावा लागतो. दुकानातून मापाचा जीआयचा तुकडा कापून, दोन्ही टोकांना आटे पाडून आणला. ताजे आटे तेलानं चमकत होते. बोट फिरवलं तर टोकाकडे ते किंचित निमुळते लागतात. पाईपाचे आटे असे मुद्दाम निमुळते पाडतात, १६ इंचाला एक इंच या हिशोबानं, म्हणजे पाईप जसजसा आत जाईल तसतसा घट्ट बसत जातो.

टीमध्ये जाणाऱ्या टोकाला त्यांनी तागाचे धागे गुंडाळून वर सफेदा लावला. मग ते बाहेर टी धरून राहिले आणि आतून पाईप फिरवायचं काम मला दिलं. भिंतीच्या भोकातून त्यांचा आवाज यायचा. ‘‘फिरवा... फिरवा... थांबा. आता जोर.’’ शेवटचे दोन फेरे दोन्ही हातांनी पाना ओढला. ‘‘अजून अर्धा!’’ अर्धा दिला. ‘‘बास. आता त्येला हात लावू नगा.’’ सॉकेट टाइल्सच्या बरोबरीत येऊन थांबलं होतं. त्याच दुपारी त्यांनी गच्चीवरचं बिघडलेलं गेट वॉल काढून पितळी बॉल वॉल बसवलं. दांडी पाईपाला समांतर असली की चालू, आडवी केली की बंद. लांबूनही कळतं.

नळ त्यांनी लावला नाही. एक तर महापालिकेचं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होतं आणि नळ लावण्याआधी पाईप धुऊन काढायचा होता. दुसरं म्हणजे मी म्हटलं, एवढं मला शिकवा. त्यांनी टाकून दिलेल्या एक्स्टेन्शनवर टेफ्लॉन टेप गुंडाळून दाखवली. आटे आपल्याकडे तोंड करून धरायचे आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं गुंडाळायची. उलटी गुंडाळली तर आत जाताना टेप सुटून गोळा होते. तोंडाचा पहिला वेढा मोकळा सोडायचा, म्हणजे टेपचा तुकडा पाण्यात जात नाही. ओढून, ताण देऊन, की आट्यांच्या खाचा वरून दिसल्या पाहिजेत.

मंगळवारी सकाळी टाकी अर्धी भरल्यावर ह्यांनी वर बॉल वॉल उघडलं आणि मी सॉकेटखाली बादली धरून उभी. आधी हवा फुसफुसली, मग चहासारखं पाणी, त्यात गंजाच्या पापड्या. दोन बादल्या तशाच गेल्या. तिसरी निवळत आली, चौथी स्वच्छ. पाण्याचा जोर बघून सासूबाई म्हणाल्या, ‘‘चौऱ्याऐंशी सालात असंच यायचं.’’

वॉल बंद करून मी नळाला टेप गुंडाळली, दहा वेढे. नळ हातानं आत गेला, मग फडकं लावून पान्यानं. अडचण अशी की नळ घट्टही बसायला हवा आणि सरळही उभा राहायला हवा. माझा नळ सरळ उभा होता तेव्हा सैल होता. आणखी आवळला तर सरळ रेषेच्या पुढे गेला, तोंड तिरकं झालं. मी त्याला अगदी थोडा, बोटभर, मागे घेऊन सरळ केला. चकती सरकवून लावली, वॉल उघडलं. थेंब नाही. नळाभोवती, चकतीच्या कडेला, वर्तमानपत्राची घडी दोऱ्यानं बांधून ठेवली, कारण ओल डोळ्यांना दिसण्याआधी कागदाला कळते.

संध्याकाळी कागद खालच्या बाजूनं ओला होता.

मिस्त्रींना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, ‘‘मागं फिरवला हुता का?’’ ताग-सफेद्याचा सांधा थोडासा मागे फिरलेला सहन करतो, टेफ्लॉन करत नाही. दाबून बसलेली टेप मागे येताना चिरते आणि त्या चिरेतून पाणी वाट काढतं. नळ पुढे गेला तर पूर्ण काढायचा, जुनी टेप खरवडून टाकायची आणि नव्यानं गुंडाळायची. बुधवारी सकाळी तसंच केलं. या वेळी १४ वेढे, ताणून. टेप जाड झाली की नळ आधी घट्ट होतो, आणि मला तो बरोबर सरळ उभा असताना घट्ट व्हायला हवा होता. पहिल्या प्रयत्नात तो सरळ व्हायला पाव फेरा बाकी असतानाच ताठ झाला. सावकाश, पाना दोन्ही हातांनी धरून तो पाव फेरा पूर्ण केला. पुन्हा कागद बांधला. आत आणि बाहेर टीलाही. तीन रात्री बांधून ठेवला, रोज सकाळी सोडून हात लावून बघितला. कोरडा, कुरकुरीत.

पाच लिटरची कळशी भरायला पूर्वी दीड मिनिटाच्या वर लागायचं, मी मोजलं होतं. आता अर्ध्या मिनिटात भरते. गळा उंच असल्यामुळे मोठं पातेलंही आडवं न धरता सिंकमध्ये मावतं. सासूबाई पहिल्या दिवशी सवयीनं दांडी धरून फिरवायला गेल्या. मी म्हटलं, ‘‘आई, धरू नका, नुसतं ढकला.’’ त्यांनी मनगटाच्या मागच्या बाजूनं ढकलली, बंद झाला. पुन्हा उघडला, पुन्हा बंद केला. चार-पाच वेळा तसं करून पाहिलं आणि मग भाजी धुवायला घेतली.

दहाएक दिवसांनी धार अचानक बारीक झाली आणि माझ्या पोटात गोळा आला. पण कारण सोपं होतं. नळाच्या तोंडाशी जाळी असते, ती फिरवून काढली तर तिच्यावर गंजाचे बारीक कण साचलेले. जाळी जुन्या दातघासणीनं धुतली, धार पूर्ववत. हे कण आता भिंतीतल्या पाईपातले नाहीत, तो नवा आहे. ते वरच्या उभ्या पाईपातले. तोही १९८४ चाच, तोही पुरात भिजलेला, फक्त उघडा असल्यामुळे वाळायला त्याला वारा मिळाला. असे कण सिरॅमिकच्या चकत्यांमध्ये गेले तर त्यांना चरे पडतात आणि मग नळ पूर्ण बंद होत नाही.

म्हणून उभ्या पाईपाचंही माप घेऊन ठेवलंय. टाकीपासून टीपर्यंत १६ फूट, भिंतीला पाच क्लॅम्प, त्यातले दोन गंजलेले. टीच्या वर एक युनियन, म्हणजे मधूनच सोडता येणारा जोड, घालून घ्यायचं, म्हणजे पुढे कधी टी बदलायची वेळ आली तर पाईप कापावा लागणार नाही, असं मिस्त्रींनी सुचवलंय. ते मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात येणार आहेत, पावसाच्या आधी. तोवर दर रविवारी जाळी धुते.